जुना वाडा संग्रहालय करायचाय? आधी छप्पर आणि कागद बघा

निपाणी, संकेश्वर, चिकोडी, खानापूर किंवा बेळगावचं शहापूर. आमच्या सीमाभागातल्या कुठल्याही जुन्या पेठेतून चालत गेलं की एखादा बंद वाडा लागतोच. दिंडी दरवाजाला कुलूप, कौलांतून डोकं वर काढलेला पिंपळ, सोप्यात कुणाची तरी मोटारसायकल. गणेशोत्सवात चार मंडळी जमली की विषय निघतो: याचं संग्रहालय का करत नाही कुणी? गावाचा इतिहास जपला जाईल, पोरांना दाखवता येईल.

विचार चांगलाच आहे. पण यात दोन निराळी कामं एकत्र बांधलेली असतात. इमारत जपणं हे एक, संग्रहालय चालवणं हे दुसरं. इमारत पाण्यानं मरते. संग्रहालय तोंडी कारभारानं मरतं. बाकीच्या अडचणी, म्हणजे पैसा, राजकारण, भाऊबंदकी, खऱ्या असल्या तरी बहुतेक याच दोहोंतून उगवतात. म्हणून सुरुवात छप्परापासून आणि कागदापासून करावी, उद्घाटनाच्या तारखेपासून नव्हे.

बेळगावातच जपलेल्या वास्तू आहेत, त्यांच्याकडे आधी बघू. स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावला आले तेव्हा आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या घरी आणि मग किल्ल्यात वन खात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्या बंगल्यात राहिले. या दोन्ही जागा आता रामकृष्ण मिशन सांभाळतं. टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची आठवण म्हणून वीरसौध आहे, शेजारी त्या वेळी खणलेली काँग्रेस विहीर. गांधीजींनी अध्यक्षपद घेतलेलं ते एकमेव अधिवेशन. कित्तूरला किल्ल्यात राज्य पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. या सगळ्यांत सारखं काय? प्रत्येकामागे एखादी संस्था किंवा सरकार उभं आहे, रोज दार उघडणारा पगारी माणूस आहे. आपल्या पेठेतल्या वाड्यामागे यातलं काहीच नसतं. ते आधी उभं करावं लागतं.

वाडा कुणाचा?

गावाला वाटतं, वाडा देसायांचा किंवा इनामदारांचा. कागद मात्र निराळं बोलतात. चार पिढ्यांत वाटण्या झालेल्या असतात, काही तोंडी, काही दहा रुपयांच्या स्टँपवर. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबात मुलींचाही जन्मतःच मुलांइतकाच हिस्सा आहे. म्हणजे पुण्यातल्या आत्या, मुंबईतला चुलत भाऊ आणि अमेरिकेतली त्यांची मुलं, सगळ्यांच्या सह्या लागतात. "काकांनी हो म्हटलंय" यावर एक वीटही रचू नये.

म्हणून पहिलं काम सिटी सर्व्हेचा उतारा काढायचं. ग्रामपंचायत हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचा, म्हणजे कर्नाटकातल्या ग्रामपंचायत मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचा उतारा. मग सब-रजिस्ट्रारकडून ईसी, म्हणजे या मिळकतीवर कोणते बोजे आणि कोणते व्यवहार नोंदलेत याचा दाखला. नावं लागली की वंशावळ. त्यानंतर ठरवायचं की घर बक्षीसपत्रानं घ्यायचं की भाडेपट्ट्यानं. स्थावर मिळकतीचं बक्षीसपत्र नोंदणीकृत असावं लागतं आणि त्यावर किमान दोन साक्षीदार लागतात. भाडेपट्टा एका वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर तोही नोंदवावा लागतो. माझं मत विचाराल तर घरमालक बक्षीस द्यायला कचरत असतील तिथे तीस वर्षांचा नोंदणीकृत पट्टा मागावा. लोक पट्ट्याला लवकर तयार होतात. मात्र अकरा महिन्यांच्या करारावर कुणी छप्पर बदलू नये.

जुन्या कागदांचा शोध हे आमच्या भागातलं एक प्रकरणच आहे. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, त्यामुळे १८८४ साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगाववरचा खंड हाताशी ठेवावा. पण सगळा जिल्हा इंग्रजांचा नव्हता. शहापूर सांगली संस्थानचं, वडगाव कुरुंदवाडकरांचं, रायबाग कोल्हापूरचं. ही संस्थानं १९४८-४९ मध्ये विलीन झाली. त्यामुळे शहापुरातल्या घराचा माग लागायचा तर बेळगावच्या कचेरीइतकंच सांगलीकडेही बघावं लागतं, आणि रायबागसाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात. त्याहून मागे, पेशवाईत जायचं तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. हे कागद मोडीत असतात, घरातल्या कुणाला वाचता येत नाहीत, म्हणून रद्दीत जातात. वाड्याच्या माळ्यावर तांबड्या रुमालात बांधलेलं दप्तर सापडलं तर ते वाड्याइतकंच मोलाचं समजा.

वाडा किती जुना, यावर गावात वाद हमखास होतो. "शिवकाळातला" हे उत्तर सगळ्यांना आवडतं. एक साधी खूण सांगतो. मंगळुरी कौलांचे कारखाने बासेल मिशननं मंगळूरला १८६० च्या दशकात काढले. तेव्हा ज्या छपरावर मंगळुरी कौलं आहेत ते छप्पर तरी त्याआधीचं नाही. खाली जोतं आणि खांब जुने असू शकतात, छप्पर नंतर बदललेलं असू शकतं. घराचा प्रत्येक भाग वेगळ्या वयाचा असतो, आणि फलकावर तसंच लिहावं.

सरकारी संरक्षण म्हणजे काय

वाडा "हेरिटेज जाहीर" झाला की सुटलो, असं पुष्कळांना वाटतं. संरक्षित स्मारकं दोन तऱ्हेची. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखालची, उदाहरणार्थ बेळगाव किल्ल्यातलं कमल बस्ती हे रट्ट राजवटीतलं जैन मंदिर. आणि कर्नाटकाच्या १९६१ च्या कायद्याखालची. पेठेतली घरं बहुधा दोन्हीत नसतात. म्हणजे उद्या मालकानं ती पाडायची ठरवली तर अडवणारं फारसं कुणी नाही.

याची उलटी बाजूही आहे. तुमचा वाडा केंद्राच्या एखाद्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत असेल तर तिथे नवं बांधकाम करता येत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीनंच काम. किल्ल्याच्या आत किंवा जुन्या देवळाजवळ काम काढताना हे आधी विचारून घ्यावं. असंरक्षित वास्तूंसाठी इंटॅक या संस्थेनं २००४ साली एक सनद केली. तिच्यात गवंडी-सुतारांचं परंपरेतलं ज्ञान हेच जतनाचं मुख्य साधन मानलं आहे. कायद्याचा जोर नसला तरी वास्तुविशारदाशी बोलताना ती सनद पुढे ठेवता येते.

पाणी

आता मुद्द्याचं. खानापूरच्या पश्चिमेला पाऊस कोकणासारखा पडतो, अथणी-रायबागकडे दुष्काळ. त्यामुळे घरंही वेगळी. पश्चिमेला जांभ्या दगडाचं जोतं, उतरतं कौलारू छप्पर, लांब वळचण. पूर्वेला जाड मातीच्या भिंती आणि वर सपाट माळवद. दोन्हींना एकच औषध लावणारा कंत्राटदार आला तर त्याला चहा देऊन परत पाठवावा.

कौलारू घराचं आयुष्य शाकारणीवर असतं. मृगाआधी कौलं चाळायची, फुटकी बदलायची, किडलेल्या रिपा काढायच्या, पन्हाळीतला पाला उपसायचा. घरात माणसं असताना हे आपोआप व्हायचं. घर बंद पडलं की दोन-तीन पावसाळ्यांत एक कौल सरकतं, तिथून पाणी वाशावर येतं, वासा कुजतो, तो तुळईवर बसतो, आणि तुळई जिथे भिंतीत शिरते ते टोक आतून पोकळ होतं. बाहेरून सगळं धड दिसतं. म्हणून पाहणीला गेल्यावर दर्शनी नक्षीचे फोटो काढण्याआधी शिडी लावून तुळयांची टोकं टोचून बघावीत. कॅमेऱ्यापेक्षा दाभण उपयोगी पडतो.

दुसरं पाणी खालून येतं. माती आणि दगडाच्या भिंती जमिनीतलं पाणी बारीक छिद्रांतून वर ओढतात. जुन्या बांधणीत ते चुन्याच्या गिलाव्यातून उडून जायचं. पाण्याबरोबर क्षार येतात. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे बनतात, आणि ते खडे पृष्ठभाग आतून ढकलतात. भिंतीच्या तळाशी गिलावा फुगून गळतो तो यामुळे. आता "मजबूत व्हावं" म्हणून तिथे सिमेंट मारलं की ओल बाहेर पडायची वाटच बंद होते. घाम आलेल्या अंगावर रेनकोट घालून बसल्यासारखं. मग ओल सिमेंटच्या वर चढते, काल कमरेपर्यंत होती ती आज खिडकीपर्यंत. सिमेंट जुन्या विटेपेक्षा आणि जांभ्यापेक्षा कठीणही असतं. हालचाल झाली की तडा सांध्यात न जाता दगडात जातो.

चुना कसा निराळा, तेही थोडं बघू. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विझवायचा, मुरवायचा, वाळूबरोबर आणि कधी विटेच्या भुकटीबरोबर चुन्याच्या घाण्यात मळायचा. पूर्वी बैल दगडी चाक फिरवायचे, गवंडी त्यात गुळाचं पाणी नाहीतर हिरड्याचा काढा घालायचे. भिंतीवर लावल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे दगडाचा चुना आणि चुन्याचा परत दगड. या फेरीला वेळ लागतो, ओलावा लागतो, आणि तो धो-धो पावसात करायचा नसतो. कंत्राटदाराला सिमेंट आवडतं ते वेळेमुळे. चुन्याचं काम जाणणारे गवंडी आमच्याकडे आता कमी राहिलेत. तरी देवळांच्या कामावर हात बसलेले वडार-गवंडी चौकशी केली तर मिळतात. त्यांच्या हाताखाली गावातले दोन तरुण ठेवले तर पुढच्या दुरुस्तीलाही माणूस राहतो.

तिसरं पाणी नगरपालिकेचं. दर निवडणुकीआधी रस्त्यावर नवा थर पडतो आणि दहा-पंधरा वर्षांत रस्ता जोत्यापेक्षा उंच होतो. मग गल्लीतलं पाणी सोप्यात. वाड्याभोवती सिमेंटची फरशी केली तरी तेच, जमिनीतल्या ओलीला उडायला भिंतीखेरीज जागा राहत नाही. भिंतीलगत हातभर रुंदीचा चर खणून त्यात खडी भरली आणि गटार मोकळं ठेवलं तर निम्मा त्रास कमी होतो. याला लाखो लागत नाहीत. पण याचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून ते शेवटी राहतं.

आणि पिंपळ. तो उपटू नका. मुळं दगडांच्या मध्ये शिरलेली असतात, ओढलं की भिंतच हातात येते. कापून, मूळ जागेवर मारून, मग फटी चुन्यानं भरायच्या.

वस्तू आणि वही

छप्पर नीट झालं की लोक वस्तू आणून द्यायला लागतात. जातं, उखळ, तांब्याचा हंडा, समई, पोळ्याची झूल, आजोबांचं पागोटं. इथे गर्दीत सगळं बिघडतं. "राहू दे इथे" म्हणून वस्तू येते. दिली की ठेवायला दिली, हे कुणी विचारत नाही. पाच वर्षांनी नातू येतो आणि म्हणतो, आमची समई द्या, मुलीच्या लग्नात लागतेय. समिती बदललेली असते, आधीचे अध्यक्ष वारलेले. मग भांडण, आणि गावात एकदा बोभाटा झाला की पुढे कुणी वस्तू देत नाही.

उपाय अगदी साधा, एक जाड बांधीव वही. पानांवर आधीच क्रमांक घातलेले, शाईनं लिहायचं, खोडायचं नाही. प्रत्येक वस्तूला क्रमांक: वर्ष आणि त्या वर्षातला अनुक्रम. कुणाकडून आली, कधी, कायमची की उसनी आणि किती मुदतीची, लांबी-रुंदी, कुठे चीर आहे, कुठे कल्हई उडाली आहे. देणाऱ्याची सही. एक फोटो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती वस्तू घरात कोण कशासाठी वापरायचं. ही माहिती देणारा माणूस गेला की परत मिळत नाही. नुसता हंडा कुठेही मिळतो. कुठल्या विहिरीचं पाणी त्यात यायचं आणि कुणाला त्या विहिरीवर येऊ द्यायचे नाहीत, हे कळलं तर तो हंडा गावाचा होतो. संगणकावरही नोंद ठेवा, पण मूळ वही ठेवाच. संगणकाचा पासवर्ड ज्याला ठाऊक असतो तो मुलगा नेमका बेंगळुरूला नोकरीला जातो.

वस्तू हाताळायच्या थोड्या गोष्टी. तांबं-पितळ चिंच लावून लखलखीत करू नका, वर्षानुवर्षं चढलेली छटा जाते आणि ती वस्तूच्या वयाची साक्ष असते. कागदाला सेलोटेप लावायचा नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. कापड आणि कागद यांवर उजेड ५० लक्सपर्यंतच असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. एक मेणबत्ती एक मीटरवरून जेवढं उजळते तो साधारण एक लक्स. म्हणजे लुगडी आणि पत्रं खिडकीशी मांडायची नाहीत. माजघर मुळातच अंधारं असतं, ती जागा त्यांना योग्य. वाळवीसाठी दर पंधरा दिवसांनी कपाटं भिंतीपासून ओढून मागे बघणं याला पर्याय नाही.

कायद्यानं अडचणीत आणणाऱ्या वस्तू वेगळ्या. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि चित्रं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, त्यातल्या ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं. खानापूर-दांडेलीच्या जंगलातल्या शिकारीची कातडी आणि शिंगं जुन्या सोप्यांत असतातच. त्यांना वन्यजीव कायदा लागतो. मालकी-प्रमाणपत्राशिवाय त्यांना हात लावू नका, "आणून ठेवा" असंही सांगू नका. खंडेनवमीला पुजल्या जाणाऱ्या तलवारी आणि ठासणीच्या बंदुका मांडायच्या आधी पोलीस ठाण्यात बोलून घ्यावं. आणि फरशी उकरताना नाणी सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. कामगारांच्या डोळ्यांदेखत मोजावीत, पंचनामा करावा. गुप्तधनाच्या अफवेनं रात्रीत जोतं खणून गेल्याची उदाहरणं गावोगाव ऐकायला मिळतात.

कुणाची गोष्ट

वाडा सरदाराचा, म्हणून संग्रहालयही सरदाराचंच, हे मला पटत नाही. निपाणीत संग्रहालय झालं आणि त्यात तंबाखूची वखार नसेल, विड्या वळणाऱ्या बायका नसतील, १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन नसेल, बाबासाहेबांनी १९२५ साली तिथे घेतलेली परिषद नसेल, तर ते निपाणीचं कसं? वडगाव-शहापुरात माग हवा. खानापुरात कुंभाराचं चाक हवं, तिथे मातीकामाचं सरकारी प्रशिक्षण केंद्रही आहे. दिवाणखान्याला एक खोली द्या, बाकी खोल्या गावाला.

भाषेचंही तसंच. बाहेरच्या पाटीचा नियम राज्याचा: २०२४ पासून पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला. त्यावर शक्ती घालवण्यात अर्थ नाही. आतल्या फलकांवर मात्र कन्नड आणि मराठी दोन्ही हवं, आणि एकमेकांचं भाषांतर करून नव्हे, दोन्ही भाषांत मुळातून लिहिलेलं. घरातले हिशेब मोडी मराठीत, गवंड्याशी बोलणं कन्नडात, देवघरात संस्कृत, दाराशी येणारा अत्तरवाला उर्दूत बोलणारा. वाडा असाच चालत होता. एका भाषेचं संग्रहालय केलं तर निम्मं गाव आत येणार नाही आणि दुरुस्तीच्या वेळी तेच निम्मं गाव कमी पडेल.

पैसा, किल्ली आणि शेवटचं कलम

कोल्हापूर-सांगलीचे पाहुणे धर्मादाय आयुक्तांकडे जा म्हणतात. ती महाराष्ट्रातली वाट. आपल्याकडे संस्था काढायची तर कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६०, आणि किमान सात सभासद. नोंदणीकृत संस्थेला पुढे अटी बघून केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या संग्रहालय अनुदानासाठी अर्ज करता येतो. कंपन्यांच्या सीएसआरमध्येही, म्हणजे समाजकार्यासाठी काढून ठेवायच्या पैशातही, ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती बसते, पण ते बंधन निव्वळ नफा ५ कोटींच्या वर असलेल्या किंवा तशाच मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांना. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या प्रत्येक फाउंड्रीच्या दारात उभं राहून उपयोग नाही.

अनुदान मिळतं ते बहुधा एकदाच, इमारतीसाठी आणि कपाटांसाठी. दरवर्षीचा खर्च, म्हणजे शाकारणी, वीज आणि रखवालदाराचा पगार, गावानंच काढायचा असतो. तो आधी मांडून बघा. चौक लग्नकार्याला नव्हे पण व्याख्यानाला आणि हळदीकुंकवाला भाड्यानं देता येतो. पुढच्या दोन दुकानगाळ्यांचं भाडं येत असेल तर ते संस्थेकडेच राहू दे, संग्रहालयात दुकान नको म्हणून गाळे रिकामे करण्याचा सोवळेपणा नको. किल्ली एकाकडे नसावी, दोघांकडे असावी, आणि त्यातला एक तरी त्याच गल्लीत राहणारा.

संस्थेच्या घटनेत एक कलम सुरुवातीलाच घाला: संस्था बंद पडली तर वस्तू आणि वही कुणाकडे जायची. सभासदांना ती वाटून घेता येणार नाही, दुसऱ्या तशाच संस्थेला द्यावी लागेल, तर ती कोणती ते नावानिशी लिहा. तालुक्याचं वाचनालय, कॉलेज, राज्याचं पुरातत्त्व खातं, जे परवडेल ते. उसन्या वस्तू परत करायची यादी त्याच वहीतून निघेल. बैठकीत हे कलम वाचलं की कुणीतरी "शुभ बोला" म्हणतंच. तरी त्यावर त्याच बैठकीत सगळ्यांच्या सह्या घ्या.